दृष्टांतांचा प्रकल्प, ठाणे: जून ते ऑक्टोबर 2025 च्या नोंदी

15 जून, रविवार

कॅटेकिझमचं, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या धर्मशिक्षणाचं, नवीन वर्ष आजपासून सुरू. सातवी-आठवीची बॅच माझ्याकडे आलीय, आणि फादरांनी विचारलं की ऑक्टोबरमध्ये आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, मुलांकडून काहीतरी करून घ्याल का, तर मी लगेच हो म्हटलं कारण विषय डोक्यात तयारच होता. येशूने देवाच्या राज्याबद्दल सांगितलेले दृष्टांत, त्यातले पण ते, ज्यात देव काम करतोय पण कुणाला दिसत नाहीये. आपोआप वाढणारं बी, मोहरी, खमीर (पीठ फुगवणारं), गहू आणि निदण (गव्हासारखं दिसणारं तण). हे चार घेतलेत. पेरणाऱ्याचा दृष्टांत सगळ्यांना तोंडपाठ असतो म्हणून तो मुद्दाम बाजूला ठेवला.

कसं करायचं ते पण ठरवलं. पीपीटी नको, थर्माकोलचं मॉडेल नको, नाटकपण नको. प्रत्येकाने एक दृष्टांत निवडायचा, चार महिने त्याच्याबरोबर राहायचं, आणि आगेऱ्याला उभं राहून स्वतःच्या घरच्या बोलीत तो सांगायचा. कागद हातात नाही. बोली कुठलीही चालेल, आमच्यातली ईस्ट इंडियन (इथल्या जुन्या ख्रिस्ती समाजाची), कोळीवाड्यातली, शाळेतली, ज्याची जी असेल ती. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं तर पहिला प्रश्न आला की याला मार्क किती. मार्क नाहीत असं लिहिलं.

22 जून, रविवार

पहिला दृष्टांत. मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) चौथ्या अध्यायात आहे आणि फक्त मार्कमध्येच आहे, मत्तय-लूककडे नाही. गोष्ट चार ओळींची. एक माणूस जमिनीत बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजतं वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपणहून पीक देते, आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पीक तयार झालं की तो लगेच विळा घालतो. संपली गोष्ट.

मुलांना विचारलं यात देव कोण. पटकन उत्तर आलं की तो माणूस. मग एकाने विचारलं पण देव झोपतो का? आणि देवाला कळत नाही असं कसं? मग म्हणे माणूस म्हणजे आपण. पण मग शेवटी विळा घेऊन येणारा कोण, तो तर देव असणार ना. अर्धा तास हेच चाललं होतं आणि मी कुणाला बरोबर-चूक म्हटलं नाही. मला स्वतःला वाटतं की या दृष्टांतात देवाला वेगळं पात्रच दिलेलं नाहीये. तो त्या मधल्या वाक्यात आहे, ‘कसं ते त्याला कळत नाही’ तिथे. पण हे मी त्यांना आज सांगणार नव्हते.

दह्याच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडून माती भरली, अर्ध्यांनी घरातली मोहरी पेरली, अर्ध्यांनी भात. भाताचं बी पडघ्याच्या बाजूचे आमच्या ओळखीचे एक काका आहेत त्यांनी दिलं, हळवी म्हणजे लवकर पिकणारी जात आहे. डबे पॅरिशच्या म्हणजे आमच्या चर्चच्या गच्चीत शेडखाली ठेवले.

26 जून

मोहरी वर आली. भात अजून नाही. एकाने भाताचा दाणा उकरून बघितला, परत पुरला. ग्रुपवर फोटो.

6 जुलै, रविवार

आज मुलांनी लिहून आणलेलं वाचलं. सगळ्यांनी, अगदी एकूण एक जणाने, गोष्टीच्या खाली ‘तात्पर्य’ लिहिलंय. शाळेची सवय. ‘तात्पर्य : आपण धीर धरला पाहिजे.’ ‘तात्पर्य : देव सर्वत्र आहे.’

इथे जरा थांबून बोलावं लागलं. आपल्या मराठीत दृष्टांत सांगायची रीत फार जुनी आहे. महानुभावांचा दृष्टांतपाठ तेराव्या शतकातला, चक्रधरस्वामींनी सांगितलेले 114 दृष्टांत केसोबासांनी एकत्र केले, आणि त्याची बांधणी ठरलेली आहे, आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक म्हणजे तो दृष्टांत कशाला लागू होतो ते. तीन पायऱ्या. ऐकणाऱ्याला हात धरून वर नेलं जातं आणि ती पण एक सुंदर पद्धत आहे, मला ती मनापासून आवडते. येशूने पण काही वेळा असं केलंय. पेरणाऱ्याच्या दृष्टांताचा अर्थ त्याने फोडून सांगितलाय, गहू आणि निदणाचा पण सांगितलाय. पण आपोआप वाढणारं बी, मोहरी आणि खमीर, या तिघांचं स्पष्टीकरण कुठेच लिहिलेलं नाही. मार्क म्हणतो की शिष्यांना तो एकांतात सगळं समजावून सांगत होता, पण या तिघांबद्दल काय सांगितलं ते आपल्यापर्यंत आलेलं नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. देव गुपचूप काम करतो हे सांगणारे दृष्टांतच असे आहेत की ते ऐकणाऱ्याच्या आत तसेच सोडून दिलेत, वर येतील तेव्हा येतील. तात्पर्य लिहिलं की मुलाच्या डोक्यात ते प्रकरण मिटलं, वही बंद. म्हणून सगळ्यांना तात्पर्याची ओळ काढायला लावली. दोघींना ते अजिबात पटलेलं नाही, मग शिकवणार काय टीचर, असं म्हणाल्या.

13 जुलै, रविवार

मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) झाल्यावर पडघ्याला गेलो, काकांच्या शेतावर, टेम्पो करून. लावणी चालू होती. यंदा पाऊस 26 मेलाच मुंबईत येऊन धडकला, इतक्या लवकर कधी येत नाही, त्यामुळे राब भाजून ठेवलेल्या, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेल्या, जमिनीत धूळपेरणी (कोरड्या मातीत पेरणी) करायला कोरडे दिवसच पुरेसे मिळाले नाहीत, काका म्हणाले आवण, म्हणजे लावणीची रोपं, कशीबशी तयार केली.

मुलं गुडघाभर चिखलात उतरली. काकांनी दाखवलं कशी आवणाची मूठ डाव्या हातात धरायची, उजव्या हाताने तीन-चार रोपं सुटी करायची आणि अंगठ्याने मुळांपाशी दाबत चिखलात खोचायची. जास्त खोल नाही, नाहीतर फुटवे कमी येतात. मुलांची ओळ वाकडी झाली ती काकूंनी नंतर नीट केली.

एक गोष्ट मुलांनी बघितली आणि मला ती हवीच होती. शेजारच्या खाचरात दोनेक दिवसांपूर्वी लावणी झालेली होती आणि ते भात पिवळं पडून मान टाकून उभं होतं. राबातलं रोप हिरवंगार आणि लावलेलं रोप मेल्यासारखं. एका मुलाने विचारलं, काका हे मेलं का? काका म्हणाले, ‘नाय रे, उपटल्यावर त्याची मुळं तुटतात, आता आत नवीन मुळं धरतंय. आठवडाभर तसंच दिसणार. त्या आठवड्यात शेताकडं बघितलं तर माणसाला झोप नाय लागायची.’

येताना टेम्पोत माझ्या मनात हेच. मार्कच्या गोष्टीतला माणूस पेरणी आणि कापणीच्या मध्ये फक्त झोपतो आणि उठतो. खऱ्या शेतकऱ्याला मध्ये किती काम असतं, बांध बघायचे, पाणी काढायचं, बेणणी म्हणजे तण काढणं, खत. येशू गालीलातला, शेतकऱ्यांमध्येच वाढलेला, त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. ते सगळं त्याने गाळलंय कारण त्याला जे दाखवायचंय ते माणसाच्या हातात नसलेलं काम आहे. आळशीपणा शिकवलाय असं कुणी वाचलं तर तो विळा वाचलेला नाही, कारण पीक तयार झाल्यावर तो माणूस एक दिवससुद्धा थांबत नाही.

20 जुलै, रविवार

मोहरी. इवलासा दाणा पेरला की त्याचं मोठं झाड होतं आणि पक्षी त्याच्या फांद्यांत राहतात, ती गोष्ट. डब्यातली रोपं वीतभर झालीत, बारीक आणि लुळी, शेडखाली ऊन कमी पडतंय. एक मुलगी म्हणाली याचं झाड कधी होणार आणि पक्षी कुठे बसणार. बरोबर प्रश्न आहे. गालीलच्या तळ्याभोवती काळी मोहरी रानातपण उगवते आणि माणसापेक्षा उंच जाते, दोन-अडीच मीटर, पण तरी ते झुडूपच. मार्क तिला भाजीपाल्यातली सगळ्यात मोठी म्हणतो, मत्तय आणि लूक झाड म्हणतात.

हे कळायला मुलांना जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याचा सतरावा अध्याय वाचून दाखवला. तिथे देव म्हणतो की मी गंधसरूचा कोवळा शेंडा घेऊन उंच डोंगरावर लावीन, त्याला फांद्या फुटतील आणि सगळ्या प्रकारचे पक्षी त्याच्या सावलीत राहतील. ऐकणाऱ्या लोकांना हे पाठ असणार. पक्षी आणि फांद्या ऐकल्या की त्यांच्या डोळ्यापुढे लबानोनचा उंच गंधसरू आला असणार, राजाचं झाड, आणि येशूने तिथे परसातली मोहरी आणून ठेवली. पक्षी तेच, सावली तीच, पण झाड असं की कुणी मान वर करून बघणार नाही.

सगळी मुलं गप्प होऊन ऐकत होती, म्हणून हा तास लक्षात ठेवायचा. पुढच्या बॅचला यहेज्केल आधी आणि मोहरी नंतर.

3 ऑगस्ट, रविवार

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

आठवीतली एक मुलगी आहे, हुशार, कमी बोलते. तिचे आजोबा जून महिन्यापासून हॉस्पिटलमध्ये आहेत, आत-बाहेर चालू आहे. आज मी गहू आणि निदण सुरू करणार होते, त्याआधी तिने हात वर केला आणि विचारलं, ‘टीचर, देव गुपचूप काम करतो म्हणता, पण गुपचूप काम करणारा आणि काहीच न करणारा, दोघं बाहेरून सारखेच दिसतात ना? मग कळणार कसं?’

वर्गात एकदम शांतता. मी तिला म्हटलं की हा प्रश्न मोठ्या मोठ्या लोकांनी विचारलेला आहे आणि मला यावर आज घाईत काही बोलायचं नाही, आपण सगळे मिळून बघू. निदणाची गोष्ट, धन्याच्या गव्हात शत्रू निदण पेरतो, नोकर उपटू का विचारतात आणि धनी कापणीपर्यंत थांबा म्हणतो ती, फक्त वाचली, चर्चा घेतली नाही.

5 ऑगस्ट

रात्री बसून चारही दृष्टांत परत वाचले, त्या मुलीच्या बाजूने. एक गोष्ट अशी की यात कुठेही असं म्हटलेलं नाही की शांतता हाच देवाचा पुरावा. उलट निदणाच्या गोष्टीत शत्रूपण रात्रीच येतो, लोक झोपेत असताना, निदण पेरतो आणि निघून जातो. तोपण गुपचूप. आणि निदणपण गव्हासारखंच आपोआप वाढतं, ओंब्या येईपर्यंत ओळखूसुद्धा येत नाही. खमिराचंही तेच, एका ठिकाणी देवाचं राज्य खमिरासारखं आहे आणि दुसऱ्या ठिकाणी येशू शिष्यांना परूश्यांच्या, म्हणजे त्या काळच्या एका कडक यहुदी पंथाच्या, खमिरापासून जपा म्हणून सांगतो. म्हणजे वाईटसुद्धा असंच आतून, आवाज न करता पसरतं हे त्याला चांगलं माहीत होतं. हे आपण चर्चमध्ये कधी सांगतच नाही. गुपचूप म्हणजे देवाचं, असं गोड करून सांगतो आणि मग एखादं मूल असा प्रश्न विचारतं तेव्हा आपल्याकडे काही नसतं.

दुसरं, शेतकरी झोपू शकतो ते त्याला बी दिसतंय म्हणून नाही, त्याने आधीची पिकं काढलीत म्हणून. काकांनी पिवळं पडलेलं भात बघून ‘नाय रे’ म्हटलं ते त्यांच्या वडिलांच्या काळापासूनच्या लावण्या बघून. मुलांकडे तेवढ्या कापण्या नाहीत अजून. त्यांना दुसऱ्यांच्या आठवणींवर भरवसा ठेवावा लागतो आणि ते सोपं नाही, मोठ्यांनी ते सोपं आहे असं भासवू नये.

10 ऑगस्ट, रविवार

वर हे लिहिलं ते सगळं मुलांना सांगितलं, जसंच्या तसं. ती मुलगी आलेली नव्हती.

19 ऑगस्ट

काल-आज भयंकर पाऊस, शाळांना सुट्टी. वॉचमन काकांनी डबे गच्चीवरून जिन्यात आणून ठेवले. मोहरी बरीचशी झोपली. भात मजेत आहे.

24 ऑगस्ट, रविवार

खमीर. आज फुगे केले, तळून करायचे गोळे. आमच्याकडे लग्नाला, सणाला करतात ते, मैदा, अंडी, नारळाचं दूध, साखर, आणि पूर्वी पीठ फुगायला ताडी घालायचे, आता यीस्ट. पॅरिशच्या किचनमध्ये मिस्साच्या आधीच पीठ भिजवून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलं, वर्ग संपेपर्यंत ते दुप्पट झालेलं. मधेच एका मुलाने पातेल्याला कान लावला आणि ओरडला, टीचर आवाज येतोय! मग रांग लागली. खरंच येतो, अगदी बारीक फुटफुट, बुडबुडे फुटतात त्याचा. यीस्ट पिठातली साखर खातं, त्यातून वायू निघतो आणि मैद्याच्या चिकटपणात तो अडकून राहतो म्हणून पीठ वर येतं. यीस्ट आता वेगळं काढून दाखव म्हटलं तर दाखवता येणार नाही, ते सगळीकडे गेलेलं असतं.

मग हिशोब केला. बाईने खमीर तीन मापं पिठात घातलं असं मत्तय आणि लूक दोघं लिहितात. एक माप साधारण तेरा लिटर धरतात, म्हणजे तीन मापं चाळीस लिटरच्या आसपास, आमच्या किचनच्या काट्यावर एक लिटर मैदा मोजून गुणाकार केला तर वीस-बावीस किलो पीठ झालं. शंभरावर माणसं जेवतील. मुलं चाट पडली. त्यांच्या डोक्यात एक बाई आणि एक परात होती, आणि इथे तर अख्ख्या गावाचं जेवण निघालं.

तळायला मदत करायला माझ्या बिल्डिंगमधल्या काकू आल्या होत्या, त्या पंढरीला जाणाऱ्यातल्या. गोष्ट ऐकून म्हणाल्या, ‘म्हणजे तुमच्याकडे देव बाईसारखा पीठ मळतो? आमच्या जनाबाईबरोबर तर तो दळायला बसायचा.’ मला एकदम भरून आलं. लूकने मोहरीच्या गोष्टीत पुरुष ठेवलाय आणि लगेच पुढे खमिराच्या गोष्टीत बाई, एक मळ्यातला, एक घरातली. आणि इथे आमच्या ठाण्यातल्या एका किचनमध्ये काकूंना ते ऐकताक्षणी ओळखीचं वाटलं, जात्यापाशी बसलेला देव त्यांना लहानपणापासून माहीत होता. मुलांना म्हटलं जनाबाईचं घरी जाऊन विचारा, ज्यांच्या आजूबाजूला आज्या आहेत त्यांनी तरी.

ती मुलगी आज आली होती. फुगे आजोबांसाठी डब्यात नेले.

14 सप्टेंबर, रविवार

वर्ग घेऊन तलावपाळीला गेलो, सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात बसून ठाण्याचा इतिहास सांगितला. 1321 साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू इथे ठाण्यात मारले गेले, तोलेंतीनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा देमेत्रियस. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन, म्हणजे दुसऱ्या एका संघाचा धर्मबंधू, तेव्हा दुसरीकडे होता म्हणून वाचला, त्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. ही गोष्ट पॅरिशमध्ये बऱ्याच जणांना माहीत असते.

मला सांगायचं होतं ते त्यातलं एक छोटं वाक्य. नंतर आलेला ओडोरिक नावाचा प्रवासी लिहून ठेवतो की ठाण्यात नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. फ्रान्सिस्कन त्यांच्याकडेच उतरले होते. म्हणजे पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी इथे खाडीकाठी पंधरा घरं होती, त्यांनी परदेशी पाहुण्यांना जागा दिली, आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. मारले गेले त्यांची नावं राहिली.

एका मुलाला हे चार्टवर लावायचं होतं, पंधरा घरांपासून बाण काढून आजच्या चर्चपर्यंत, खाली ‘मोहरीचा दाणा’. मी नाही म्हटलं. त्या घरांचं पुढे काय झालं हा धागा आपल्याकडे नाही आणि नसलेला बाण काढणं म्हणजे दृष्टांताला पुरावा बनवणं. पंधरा घरं होती, त्यांनी दार उघडलं, एवढं लिही. त्याने तेवढंच लिहिलं, मोठ्या अक्षरात.

28 सप्टेंबर, रविवार

परत धो धो पाऊस. शेवटची तालीम ठेवली होती, निम्मी मुलं पोचली. काकांचा फोन आला, हळवं भात निसवून पिकत आलं होतं ते बरंचसं आडवं झालंय, पाणी ओसरलं तर दोन-चार दिवसांत कापायला घेणार, पाणी साचून राहिलं तर दाणा चिखलात उगवेल. आगेऱ्याला लोंब्या देतो म्हणालेत, जेवढ्या निघतील तेवढ्या.

निदणाबद्दल मी काकांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले आम्ही तर बेणणी करतोच, तण ठेवून कसं चालेल. बरोबर आहे त्यांचं. भात चुडाचुडाने लावलेलं असतं, मधलं गवत ओळखता येतं. गहू मुठीने फेकून पेरलेला, निदण त्याच्यासारखंच दिसणारं आणि मुळं एकमेकांत गुंतलेली, तिथे उपटायला गेलं तर गहू पण येणार हातात. धनी ‘थांबा’ म्हणतो ते तणाच्या प्रेमापोटी नाही, गव्हाच्या काळजीने.

5 ऑक्टोबर, रविवार

आगेरा. सकाळी लोंब्यांच्या पेंढ्या घेऊन मिरवणूक, बाया लुगड्यात, बँड, मग आशीर्वाद आणि मिस्सा. काकांनी पाठवलेल्या पेंढ्या कमी होत्या आणि थोड्या काळपट, पण होत्या.

मिस्सानंतर मुलांनी दृष्टांत सांगितले. मोहरीवाल्या मुलाने मध्येच आईला हाक मारली आणि विचारलं की आपल्या फोडणीच्या डब्यातली ती, बरोबर ना. खमीर सांगणारी अडखळली, परत सुरू केलं. काही जणांनी शेवटी तात्पर्य सांगितलंच.

आजोबांवाल्या मुलीने निदण निवडला होता. आजोबा दोन आठवड्यांपूर्वी गेले. ती येईल की नाही मला माहीत नव्हतं. आली, पांढऱ्या ड्रेसमध्ये, आणि सांगितला. नोकर धन्याकडे येतात तिथे ती थांबली आणि त्यांचं वाक्य दोनदा म्हटलं, ‘धनी, तुम्ही चांगलंच बी पेरलं होतं ना? मग हे निदण आलं कुठनं?’ मग पुढची गोष्ट सरळ सांगून टाकली.

नंतर बाहेर भेटली तेव्हा म्हणाली, टीचर मी तो घेतला कारण चारमधल्या या एकातच कुणीतरी देवाला विचारतं. बाकीच्यांत सगळे गप्पच आहेत. आणि धनी त्यांना रागावत नाही, ते मी तीनदा वाचून बघितलं.

मी हे आजवर इतक्या वेळा वाचलं आणि नोकरांच्या प्रश्नाकडे फक्त गोष्ट पुढे सरकवणारं वाक्य म्हणूनच बघत होते. तिने त्याला गोष्टीच्या मध्यभागी आणलं. धनी दोनच गोष्टी सांगतो, हे शत्रूने केलंय, आणि कापणीपर्यंत थांबा. ‘मी केलंय’ म्हणत नाही आणि ‘विचारू नका’ असंही म्हणत नाही.

12 ऑक्टोबर, रविवार

आढावा, फादर आणि बाकीच्या टीचर्सबरोबर. डबे-माती पुढच्या वर्षी नको, मुलं उंची मोजत बसतात, त्याऐवजी शेतावर दोनदा जायचं, लावणीला आणि कापणीला. फुगे ठेवायचे. तलावपाळी ठेवायची. पालकांपैकी दोघांनी विचारलंय की मोठ्यांसाठी पण घ्याल का, बघू, अॅडव्हेंटच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) आधी जमलं तर.

दृष्टांतांमध्ये एक भर घालायची. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा, जी न्यायाधीशाच्या मागे लागते आणि तो बराच काळ ऐकतच नाही. आतापर्यंत मी तो प्रार्थनेच्या धड्यात घ्यायचे. आता तो इथे, निदणाच्या लगेच नंतर घेणार, म्हणजे ज्यांना विचारायचंय त्यांच्यासाठी नोकरांनंतर अजून एक माणूस गोष्टीत असेल. तो कोण सांगणार हे त्या मुलीला विचारलं तर म्हणाली ती आता नववीत जाणार, पण लहान मुलांना शिकवायला आली तर चालेल का. चालेल म्हटलं.